चौदा घरांची जोडवी

चांदी फुटते तेव्हा आवाज फार होत नाही. चांगल्या चांदीवर हातोडी पडली की ती जरा दबते आणि आवाज आत ओढून घेते. त्या दुपारी ऐरणीवरून जो आवाज आला तो कोरडा होता, उन्हात वाळलेली शेंग तडकावी तसा. हातोडी वर तशीच धरून मी थांबलो. पट्टीच्या कडेला केसाएवढी रेघ दिसत होती. अजून एक घाव घालून बघितला, तर रेघ बोटभर आत गेली.

दुकानात त्या वेळी मी एकटाच होतो. शेठ जेवायला घरी गेले होते, बाकीचे कारागीर कन्हेरीच्या बाजूला एका देवळाच्या दरवाज्याला पत्रा ठोकायला गेले होते. मी ती पट्टी घाईघाईनं कापडात गुंडाळली आणि खिशात घातली. कुणी बघणारं नसताना मी लपवली, आणि लपवल्यावर माझं मलाच वाटलं की आता मी चोर दिसतोय.

कारण ती चांदी दुकानाची नव्हती, माझी नव्हती आणि कुणा एकाचीही नव्हती. चौदा घरांतल्या बायकांनी पायातून काढून दिलेली जोडवी होती ती. मोजून चौदा जोड माझ्या एकट्याच्या हातात दिले होते, आणि मीच ते एकट्यानं वितळवले होते. आता ती चांदी फुटत होती, म्हणजे तिच्यात खोट होती. खोट आली कुठून, असं कुणी विचारलं असतं तर जगातला कुठलाही माणूस आधी माझ्याकडेच बघणार होता.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. आमच्या घरी पितळेचं काम. बाप घागरी ठोकायचा, त्याचा बापही घागरीच ठोकायचा. मग लोक प्लास्टिकचे पिंप घ्यायला लागले. सातवीनंतर मी शाळा सोडली ती बापाला मदत करायला, आणि काही वर्षांनी घर सोडलं ते बापाकडं मदत करायला कामच उरलं नाही म्हणून. फिरत फिरत बारामतीत आलो. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत देवळांसाठी कळस, मखरं आणि प्रभावळी बनवणारं एक दुकान आहे. शेठनं माझा हात बघितला, एक ताट ठोकून घेतलं आणि ठेवून घेतलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण त्याची भीतीही माझ्या मनातून कधी गेली नाही. मी जायच्या आधी तिथला एक कारागीर चांदी बदलल्याच्या संशयावरून हाकलला गेला होता. खरंखोटं कधीच कळलं नाही. पण त्याला पुढं बारामतीत काम मिळालं नाही, इंदापुरात नाही, कुठंच नाही. आमच्या धंद्यात माणूस पोचायच्या आधी त्याची गोष्ट पोचते. माझी बायको आणि मुलगी तेव्हा गावीच होत्या. येत्या जूनमध्ये मुलीचं नाव बारामतीच्या शाळेत घालायचं असं आम्ही ठरवलं होतं. खोलीही बघून ठेवली होती. ते सगळं त्या केसाएवढ्या रेघेत अडकलं.

दुकानात मला कुणी नावानं हाक मारत नसे. "ए भंडारा" म्हणायचे. "जेजुरीला उधळतात तोच का?" असं विचारून हसायचे. मी बोलताना शेवटी "जी" लावतो, त्याचीही नक्कल व्हायची. मला राग येत नसे. परक्या गावात माणसाची नक्कल करतात म्हणजे त्याला बघितलंय तरी, एवढं मी समजून घेतलं होतं.

गुरुजी दुकानात आले ते थंडी संपता संपता. इंदापूर तालुक्यात वरकुट्याच्या बाजूला एक लहानशी वस्ती आहे. तिथं चौदा घरं ख्रिस्ती, बाकी सगळी आपल्यासारखीच. शेती सगळ्यांची सारखी, कुणाचा ऊस, कुणाची वांगी, कुणाचं डाळिंब. गुरुजी तिथले रिटायर प्राथमिक शिक्षक. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता, फक्त कडेकडेचं दिसायचं. म्हणून समोरच्या माणसाशी बोलताना ते मान वळवून त्याच्या कानाकडं बघत. शेठला आधी वाटलं हा माणूस दुसऱ्याच कुणाशी बोलतोय.

त्यांना निवासमंडपाचा नमुना करून हवा होता. आमच्यापैकी कुणालाच ते काय असतं ठाऊक नव्हतं. गुरुजींनी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांच्या शास्त्रातले लोक गुलामीतून सुटून रानावनातून चालले होते, तेव्हा देवाचं देऊळही त्यांच्याबरोबर चालत होतं. ते सुटं होतं, फळ्यांचं आणि पडद्यांचं. थांबतील तिथं उभं करायचं आणि निघताना सोडून खांद्यावर घ्यायचं. रविवारी मुलांना शिकवताना ते आजवर पुठ्ठ्याचं दाखवत आले होते. आता प्रार्थनाघराची नवी इमारत झाली होती आणि डोळे चालले होते. डोळे पुरते जायच्या आत त्यांना एक हातभर लांबीचा, खऱ्या लाकडाचा आणि खऱ्या धातूचा नमुना हवा होता. एक बाजू उघडी, म्हणजे मुलांना आत हात घालता येईल. मुलांनी तो जोडायचा आणि मोडायचा.

शेठ म्हणाले, "गुरुजी, आमी देवळाचं काम करतो. हे तुमचं चालंल का आमाला?"

गुरुजी म्हणाले, "देऊळच हाय. फकस्त चालणारं."

काम लहान होतं, म्हणून माझ्याकडं आलं.

मापं सगळी शास्त्रात आहेत, असं गुरुजी म्हणाले. पण ती त्यांना वाचता येत नव्हती. मग सुट्टीच्या दिवशी मी वस्तीवर जायचो आणि मीच वाचून दाखवायचो. सातवीनंतर मी मोठ्यानं काही वाचलं नव्हतं. पहिल्या दिवशी एकेक अक्षर लावताना घाम फुटला. गुरुजींनी घाई केली नाही. चुकलो की फक्त "मागनं ये" म्हणायचे. त्यांचेच लोक ती पानं उलटून पुढं जातात म्हणे, नुसती लांबी-रुंदी आणि कड्या-आकड्या म्हणून. मला मात्र तीच पानं सोपी गेली. दोन हात, दीड हात, इतकी मढवणी, इतक्या कड्या. ते वाचताना कुणीतरी माझ्या धंद्यातला माणूस बोलतोय असं वाटायचं. आज हे मी लिहितोय ते त्या पानांच्या जोरावर. नाहीतर माझं लिहिणं सहीपुरतंच राहिलं असतं.

वाचून झालं की गुरुजी अर्थ सांगायचे. लाकूड सगळं बाभळीचं. मी विचारलं, देवाला सागवान मिळालं नाही का जी? ते म्हणाले, त्या रानात बाभळच होती, आपल्या माळासारखी. काट्याचं झाड, कुणी अंगणात लावत नाही, पण तेच घेतलं आणि त्यालाच सोन्यानं मढवलं. बाहेरच्या अंगणात सगळं पितळ, कारण तिथं बळी देतात, जाळ आहे, रक्त आहे, लोकांचे पाय आहेत. पितळ जाळ सोसतं. हात-पाय धुवायचं मोठं गंगाळ तर बायकांनी दिलेल्या आरशांचं केलेलं. त्या काळी आरसे पितळेचे असायचे. आत जावं तसा धातू महाग होत जायचा आणि माणसं कमी होत जायची. सगळ्यात आत, अंतरपटाच्या पलीकडं, देवाच्या आज्ञांची, सोन्यानं मढवलेली पेटी. तिथं वर्षातून एकदा एकच माणूस जायचा, तोही भीत भीत.

मी म्हणालो, "म्हणजे मी पितळवाला अंगणातलाच."

"मग? अंगणातूनच तर सगळे आत जातात," गुरुजी म्हणाले. "आणि एक ध्यानात ठेव. एवढ्या सोन्याच्या भिंती, पण खाली फरशी न्हाय. मातीच. आत गेलेला माणूस अनवाणी मातीत उभा."

त्या पेटीची एक गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या पोटात बसून राहिली. पुढं कधीतरी ती पेटी बैलगाडीतून नेत होते. बैल ठेचाळले, गाडी कलली. एकानं पेटी पडू नये म्हणून हात लावला, आणि तो जागच्या जागी मेला. मी विचारलं, त्यानं वाचवायलाच हात लावला ना जी, मग? गुरुजींनी मान माझ्या कानाकडं वळवली. मग म्हणाले, "चाळीस वर्सं शिकवतोय. हे मला पण कळलेलं न्हाय."

त्यांना कळलं नव्हतं म्हणून मला जास्त भीती वाटली.

सोनं परवडणार नव्हतं. पेटीपुरता सोन्याचा वर्ख घ्यायचा आणि फळ्यांना पितळेचा पत्रा लावायचा असं ठरलं. मी म्हणालो, असं पॉलिश मारतो की कुणाच्या बापाला कळणार नाही. गुरुजींचा चेहरा बदलला. पोरांना पितळ म्हणूनच सांगायचं, म्हणाले, सोनं म्हणून खपवायचं नाही.

चांदीचं मात्र त्यांनी पक्कं ठरवलेलं होतं. प्रत्येक फळीखाली चांदीच्या दोन उथळ्या. आपल्या जुन्या घरात खांबाखाली दगडाची उथळी असते तशा. शास्त्रातली ती चांदी माणशी सारखी गोळा केलेली होती. श्रीमंतानं जास्त द्यायची नाही, गरिबानं कमी द्यायची नाही. सगळं देऊळ त्या सारख्या वाट्यावर उभं. म्हणून गुरुजींनी सांगितलं, घरटी जोडव्यांचा एकच जोड, साधारण तोळ्याचा. धर्म बदलला तरी आमच्या म्हाताऱ्यांचे पाय बदलले नाहीत, असं म्हणून ते हसले. वस्तीतल्या बहुतेक घरांत जुनी जोडवी होतीच.

देण्याच्या दिवशी मी प्रार्थनाघरात मागं भिंतीला टेकून उभा होतो. एकेक बाई पुढं यायची आणि कागदाची पुडी कापडी पिशवीत टाकायची. पुड्यांवर नाव घालायचं नाही असं सांगितलेलं होतं. डाळिंबाची मोठी बाग असलेले एक तात्या वस्तीत सगळ्यांत तालेवार. त्यांनी आईचा चांदीचा कमरपट्टा आणला होता, चांगला मनगटाएवढा रुंद. गुरुजींनी हात फिरवून बघितला आणि परत दिला. तात्या नाराज झाले. एवढ्यानं सगळ्या उथळ्या झाल्या असत्या म्हणाले. गुरुजी म्हणाले, म्हणूनच नको. मागून एका म्हाताऱ्या आजीनं हळूच टोला मारला, "तात्या, परत कंबरंला बांध, धोतर तरी ऱ्हाईल जाग्याव." सगळे हसले. तात्याही हसले, पण जरा उशिरा.

मग गुरुजींनी प्रार्थना केली आणि पिशवी माझ्या हातात दिली. पावती नाही, वजन नाही, काही नाही. परमुलखातल्या, दुसऱ्या देवाच्या माणसाच्या हातात. छाती भरून आली होती. आणि तिथंच मी चुकलो.

आमच्या धंद्याची रीत अशी की आलेला प्रत्येक नग कसोटीच्या दगडावर घासायचा, तेजाबाचा थेंब टाकून रंग बघायचा, आणि मगच वितळवायला मुशीत टाकायचा. नवा पोरगाही हे विसरत नाही. पण माझ्या बापाची एक वेगळी रीत होती. देवासाठी आलेल्या धातूला तो कधी कस लावत नसे. समई करायला कुणी घरातली मोडकी भांडी आणून दिली की बाप ती नुसती कपाळाला लावायचा आणि भट्टीत टाकायचा. देवाला दिलेल्याची परीक्षा करायची नाही, म्हणायचा. पितळेत ते चालून जात होतं. चांदीत चालत नाही. मी त्या चौदा पुड्या उघडल्या, प्रत्येक जोड कपाळाला लावला, आणि एकही न घासता मुशीत टाकला.

दुसरी चूक हाताच्या सवयीची. शास्त्रात उथळ्या ओतीव होत्या, भरीव. मी स्वतः ते वाचून दाखवलं होतं. पण मी पत्र्याचा माणूस. लाकडाच्या छोट्या ठोकळ्यांवर चांदीचा पत्रा चढवला की उथळ्या मोठ्या दिसतील, चकाकतील, असं मी मनाशी ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. पत्रा करायला चांदी ठोकावी लागते. ठोकली म्हणून फुटली.

पट्टी फुटल्यावर मी ती पुन्हा वितळवली, टाकणखार जास्त टाकला, वरची काजळी काढली. पुन्हा फुटली. फुटलेल्या जागी आत करडा, दाणेदार रंग दिसत होता. कुठल्यातरी एका जोडात शिसं किंवा कथील होतं, किंवा तो जोडच गिलटाचा होता. शिशाची एवढीशी भेसळ तोळ्यामागून तोळे चांदी नासवते. तेरा घरांची चांगली चांदी एका घरामुळं गेली होती. कुठल्या घराची, ते आता देवालाही शोधता आलं नसतं.

पुढचे चार दिवस मी जेवलो काय आणि झोपलो काय, आठवत नाही. शेठ नुसते "काय रे" म्हणाले तरी हात खिशातल्या पट्टीकडं जायचा. वर्ख चढवताना श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर सोनं हवेत उडून जातं. त्या चार दिवसांत मी पेटीला वर्ख चढवला आणि श्वास रोखायचं वेगळं काही करावं लागलं नाही. एकदा दुपारी शेठच्या कपाटाची किल्ली कपाटालाच राहिली होती. आत चांगली चांदी होती, बरोबर तेवढीच लागणारी. माझी नासकी पट्टी तिथं ठेवायची, तिथली घ्यायची, आणि कधीतरी स्वतःच्या पैशातून भरून टाकायची, एवढं साधं होतं. मी कपाटाचं दार उघडलं. आत हात घातला. मला ते बैल आठवले. हात बाहेर काढला आणि दार इतक्या घाईनं लावलं की बोट चेमटलं.

रविवारी मी निघालो. मांडीवर कापडात गुंडाळलेली पेटी, खिशात पट्टी. बारामतीहून वडापच्या जीपमध्ये बसलो. दहाच्या जागेत चौदा माणसं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय ओ डब्यात? लग्नाचं का?" मी म्हणालो, देवाचं आहे जी. तिनं लगेच पदर सावरला आणि पाय आवरून घेतले, मला आणखी जागा करून दिली. सणसरच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडवा आला आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. पेटी मांडीवरून घसरली. मी दोन्ही हातांनी ती धरली. कापड सरकलं होतं, हात थेट सोन्यावर पडले. आणि डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही. ट्रॅक्टरवाला शिव्या देत गेला. वर्खावर माझ्या अंगठ्याचा ठसा तेवढा उठला. तो अजून आहे.

प्रार्थना संपली होती. गुरुजी दारासमोर लिंबाखाली खुर्चीत बसले होते, आणि नेमके डाळिंबवाले तात्या त्यांच्याशेजारी. तात्या उठतील म्हणून मी थोडा वेळ थांबलो. ते उठले नाहीत. मग मी पट्टी काढून गुरुजींच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. घासलं नाही, पत्रा करायला निघालो, फुटली. कपाटाचं सांगितलं नाही. ते आज लिहितोय.

गुरुजींनी पट्टीवरून अंगठा फिरवला. भेगेपाशी थांबला. नख घालून ती किती खोल आहे ते बघितलं.

तात्या म्हणाले, "पोरंठोरं बी चांदी घासून घेत्यात. ह्या कारागिरानं घासली न्हाय म्हणतोय. मला तर सरळ दिसतंय, गुरुजी. बदलली ह्यानं."

ज्या शब्दाची चार दिवस भीती वाटत होती तो शब्द कुणीतरी एकदाचा बोलून टाकला होता.  गुरुजींनी तात्यांना अडवलं नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

तात्यांनी फोन काढला आणि शेठना लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. जोरात सगळी हकिगत सांगितली. पलीकडून आधी नुसता दुकानातला ठोकण्याचा आवाज येत होता. सणासाठी शेठनं रविवारीही काम चालू ठेवलं होतं. मग शेठ म्हणाले, "किती येळा फुटली?"

"दोन येळा म्हणतोय."

"तुमी डाळिंब पिकवता ना, तात्या? चोरानं तुमची चांगली पेटी उचलून दुसरी ठेवली, तर तो सडकी ठेवंल का? तुमी उघडायच्या आत बोंब हुईल अशी?" शेठ पुढं म्हणाले, "बदलायची आसती तर त्यानं न फुटणारी ठिवली आसती. पत्रा फुटला ह्याचाच अर्थ ती तुमचीच हाय. आन त्याला म्हणावं, पुन्हा न घासता मुशीत टाकलंस तर दुकानाची पायरी चढू नगंस."

फोन बंद झाला. मी खाली मातीत बसलो.  तात्या फोनकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आसं बी हाय म्हणा," आणि खिशातून तंबाखू काढून आधी माझ्यापुढं धरली. मी खात नाही, पण त्या दिवशी घेतली.

गुरुजी अजून पट्टीच चाचपत होते. मी म्हणालो, ही शुद्ध करता येते जी. पुन्हा भट्टीत घालतो, खोट जळून जाईल. थोडी घटेल, पण चांगली होईल.

"जळंल ते कुणाचं?"

"ज्याचं खोटं त्याचं."

गुरुजी म्हणाले, "तिनं खोटं दिलं न्हाय रे. तिनं पायात होतं ते दिलं. खोटं तिला कुणीतरी दिलं हुतं, लग्नात म्हणा, बाजारात म्हणा. जनमभर चांदी म्हणून घातलं तिनं." पट्टी त्यांनी माझ्या हातात परत दिली. "ते जाळलं तर तेरा घरांच्याच उथळ्या हुतील. वाच बरं ते पान. उथळ्या कशा केल्या?"

मी आत जाऊन शास्त्र आणलं आणि पान काढलं. तोंडात तंबाखू, म्हणून नीट वाचता येईना. तात्या हसायला लागले. थुंकून आलो आणि वाचलं. फळ्या मढवल्या. उथळ्या ओतल्या.

"मग ओत," गुरुजी म्हणाले.

ओतायला ती चांदी चालत होती. ठोकणं तिला सोसत नव्हतं, पण वजन सोसायला हरकत नव्हती. पुढच्या सुट्टीला मी शेगडी आणि मूस घेऊन वस्तीवर गेलो. नदीची वाळू चाळून साचे केले आणि लिंबाखालीच चाळीस उथळ्या ओतल्या, बोटाच्या पेरापेक्षा लहान. बायका लांबून बघत होत्या. प्रत्येक साचा उघडताना मला तो शेंगेचा आवाज ऐकू यायचा, तो नसताना. रंग जरा करडा आला. चकाकी नव्हतीच. शेठनं मला येताना कसोटीचा दगड मुद्दाम बरोबर दिला होता. तो पिशवीतच राहिला.

मग गुरुजी स्वतः जोडायला बसले. वीस फळ्या, प्रत्येकीखाली दोन उथळ्या. मोजणी त्यांच्या तोंडात होती. ते बोटांनी उथळी शोधायचे, खाच बघायचे, फळी बसवायचे. बाराव्या फळीच्या एका उथळीवर त्यांचं बोट थांबलं. तिच्या कडेला बारीक भेग राहिली होती. मला दिसत होती. मी मुद्दाम ती मागच्या बाजूला ठेवली होती. मी दुसरी ओतून देतो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी फळी त्या उथळीत घातली आणि वरून तळव्यानं दाबली. मी कान देऊन बसलो. काही आवाज आला नाही. ते तेराव्या फळीकडं गेले.

तेवढ्यात कमरपट्ट्यावरून टोला मारणारी ती आजी जवळ येऊन वाकून बघायला लागली. पाय अनवाणी, दुसऱ्या बोटावर पांढरट वळ, वर्षानुवर्षं काही घातलेल्या जागेचा. असे वळ वस्तीतल्या चौदा घरांत असणार हे मला माहीत होतं. तरी मी तिच्या त्याच बोटाकडं बघत राहिलो.

"बाबा, माझी लई झिजल्याली हुती," ती म्हणाली. "कामाला आली का?"

गुरुजींचा हात थांबला. त्यांनी मान वळवली, माझ्या कानाकडं.

मी म्हणालो, "आली जी, आजी. तीच खाली आहे."

तिनं "कुटं?" विचारलं. मी तिचा हात धरला आणि पहिल्या फळीपासून शेवटच्या फळीपर्यंत सगळ्या उथळ्यांवरून फिरवला. बाराव्या फळीपाशी हात जरा उचलून धरला. ते तिला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही.

जूनमध्ये मुलगी शाळेत गेली. मी अजून त्याच दुकानात आहे आणि आता प्रत्येक नग घासतो, देवाचा असला तरी. घासताना मनातल्या मनात बापाची माफी मागतो. चांदीवर पहिला घाव घालायच्या आधी आजही हात वर थांबतो. बाकीचे हसतात, भंडारा देवाला विचारतोय म्हणतात. वर्षातून एकदा वस्तीवरून निरोप येतो, पॉलिश करायला या म्हणून. मी जातो. पितळ घासतो, पेटी नुसती पुसतो, अंगठ्याचा ठसा सोडून. आणि आधी फळ्या उचलून ती बाराव्या फळीची उथळी बघतो, भेग वाढली का म्हणून.